भाकड गाईचे घर

आषाढीचा सोहळा आटोपला म्हणजे पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरी काला होतो. लाह्या, पोहे, दही, ज्याने जे आणले असेल ते एकत्र कालवतात आणि मानपान न पाहता एकमेकांच्या मुखी घालतात. तो प्रसाद घेऊन वारकरी घरची वाट धरतो. असाच एक काला दूर वंगदेशी गंगेच्या काठी होत असतो, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. कलकत्त्याच्या उत्तरेस पाणिहाटी नावाचे जुने गाव आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी चैतन्य महाप्रभूंचे सहकारी नित्यानंद तेथे एका वृक्षाखाली बसले असता सप्तग्रामच्या एका धनाढ्य घराण्यातील तरुण, रघुनाथदास, त्यांच्या दर्शनास आला. तो संकोचाने दूरच उभा राहिला. तेव्हा नित्यानंदांनी त्याला दंड केला, तो असा की, जमलेल्या सर्व भक्तमंडळींना दही-पोह्यांचे जेवण घालावे. आसपासच्या गावांतून दूध, दही, पोहे आणि केळी आली, मातीच्या भांड्यांतून ती वाटली गेली आणि लहानथोर सारे एका पंक्तीस जेवले. तो दंड ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस आजही उत्सवाच्या रूपाने भरला जातो. १८८५ सालच्या ज्येष्ठात, घशाचा विकार बळावत असतानाही, रामकृष्ण परमहंस या उत्सवास गेले होते.

त्याच १८८५ साली कलकत्त्यात 'कलकत्ता पिंजरापोळ सोसायटी' या संस्थेची स्थापना झाली, आणि तिची गोशाळा ज्या सोदपुरात उभी राहिली ते सोदपूर याच पाणिहाटीच्या पंचक्रोशीत येते. सियालदह स्थानकावरून निघालेल्या गाडीने तेथे पोहोचण्यास अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. दह्यादुधाच्या काल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भूमीवर दूध न देणाऱ्या गाईंचे घर उभे राहावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येईल. परंतु त्या दोहोंमध्ये एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. दुभती गाय सर्वांनाच हवी असते. तिचे दूध आटले म्हणजे ती कोणाची?

पिंजरापोळ हा शब्द आपल्याला 'पांजरपोळ' या रूपाने परिचित आहे. मुंबईत ही संस्था १८३४ साली निघाली. त्यापूर्वी दोन वर्षे, १८३२ मध्ये, सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि त्यावरून शहरात दंगा झाला होता. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेट अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात निराधार जनावरांसाठी आश्रयस्थान निघाले ते या पार्श्वभूमीवर. चेंबूरच्या एका वस्तीला आज पांजरपोळ म्हणतात, तीही त्याच परंपरेची खूण होय. गुजरातेतील जैन आणि वैष्णव महाजनांनी ही प्रथा कित्येक पिढ्या पाळली होती. व्यापाराच्या प्रत्येक सौद्यावर धर्मादायाची थोडी रक्कम बाजूस काढावयाची आणि तीतून लुळ्यापांगळ्या, म्हाताऱ्या जनावरांना वैरणपाणी द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. व्यापाऱ्यांबरोबर ही प्रथाही देशभर फिरली. कलकत्त्यास ती बडाबाजारातील मारवाडी व्यापाऱ्यांच्या आश्रयाने स्थिरावली.

कलकत्त्यास तिची निकड अधिकच होती. १९११ पर्यंत हे शहर ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होते. गिरण्या, गोदी, कचेऱ्या यांमुळे लोकवस्ती वाढत चालली होती आणि वाढत्या वस्तीला दूध हवे होते. त्या काळी दूध दुरून आणून टिकविण्याची सोय नव्हती. म्हणून गाईच शहरात आणल्या जात. पंजाब-हरियाणाच्या बाजूकडील उत्तम दुभत्या गाई आणि म्हशी व्याल्यानंतर आगगाडीने कलकत्त्यास येत. बिहारचे आणि संयुक्त प्रांताचे गवळी त्या विकत घेऊन गल्लीबोळांतील कोंदट गोठ्यांत बांधीत. या गोठ्यांना तेथे 'खटाल' असे म्हणतात.

खटालाचा हिशोब साधा होता आणि क्रूरही होता. शहरात चराऊ रान नाही. पेंढा विकत, पेंड विकत, जागेला भाडे. एका वेतात गाय आठ-दहा महिने दूध देते. त्यानंतर ती पुन्हा गाभण राहून विईपर्यंत तिला बसून खाऊ घालावयाचे, तर त्या खर्चात नवी दुभती गाय येते. मग गवळी वळूही पाळीत नसे आणि कालवडही वाढवीत नसे. वासराच्या तोंडी जाणारे दूध म्हणजे त्याच्या दृष्टीने तोटा, म्हणून वासरू उपाशी मरे. पान्हा सुटावा म्हणून मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत. दूध आटले की गाय खाटकाकडे जाई. देशातील उत्तम दुधाच्या गाई अशा रीतीने एका वेतानंतर नाहीशा होत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा वंशही खुंटे. हा व्यवहार करणारे आणि त्याचे दूध पिणारे यांपैकी पुष्कळ जण गाईला माताच म्हणत असत, हे विसरून चालणार नाही.

याहूनही दुःखद असा एक प्रकार होता. त्याला 'फुका' म्हणत. अधिक दूध उतरावे म्हणून गाईच्या जननेंद्रियात नळीने हवा फुंकण्याची ती रीत होती. तिने गाईस असह्य वेदना होत आणि ती पुढे गाभण राहण्याच्या कामाची राहत नसे. प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी कलकत्त्यास १८६१ सालीच कोल्सवर्दी ग्रँट या चित्रकाराच्या प्रयत्नाने एक मंडळी स्थापन झाली होती. १८९० च्या कायद्याने फुका हा गुन्हा ठरविला. तथापि १९६० मध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने प्राण्यांच्या छळाविरुद्ध नवा कायदा केला, तेव्हा त्यातही हाच गुन्हा नाव घेऊन पुन्हा नोंदवावा लागला. सत्तर वर्षांत कायद्याने काय साधले आणि काय साधले नाही, ते यावरून दिसते.

अशा शहराच्या वेशीवर सोदपूरची गोशाळा उभी राहिली. पुढे हावड्याच्या बाजूस लिलुआ येथेही संस्थेने गोशाळा चालविली. अशा गोशाळेचे जीवन बाहेरून पाहणाऱ्याला एकसुरी वाटेल. पहाटे शेणगोठा, मग वैरण, पाणी, आजारी जनावरांची मलमपट्टी, दुपारी चरावयास सोडणे, सायंकाळी पुन्हा दावणीला बांधणे. जनावरांची ने-आण करणारे गोवारी आणि त्यांची कुटुंबे यांची एक लहानशी वसाहतच अशा ठिकाणी होते. त्या वसाहतीचे दिवस गाईंच्या दिनक्रमावर चालतात. वर्षातून एकदा, कार्तिक शुद्ध अष्टमीला, गोपाष्टमीचा मेळा भरतो. शहरातील व्यापारी कुटुंबे मुलाबाळांसह येतात, गाईंना गूळ-पोळी भरवतात, त्यांच्या कपाळी कुंकू लावतात आणि आपल्या पुण्यतिथींच्या, लग्नकार्यांच्या निमित्ताने वैरणीसाठी देणग्या देऊन जातात. आपल्याकडची वसुबारस ज्यांनी पाहिली असेल त्यांना या मेळ्याचा भाव निराळा समजावून सांगावयास नको. फरक एवढाच की, वसुबारसेला आपण सवत्स धेनू पुजतो आणि येथे पुष्कळदा जिच्याजवळ वासरू नाही आणि जिच्या सडाला दूध नाही, अशीच गाय पूजा घेते.

या दयेला मोल होते. परंतु तिच्यावर टीकाही झाली, आणि ती कलकत्त्यातच झाली. १८९७ च्या आरंभी, अमेरिका-युरोपचा प्रवास करून नुकतेच परतलेले स्वामी विवेकानंद बागबाजारात एका भक्ताच्या घरी बसले असता गोरक्षणी सभेचा एक प्रचारक त्यांच्याकडे वर्गणीसाठी आला. मारवाडी व्यापाऱ्यांच्या साहाय्याने आपण जागोजाग पिंजरापोळ काढले आहेत, असे त्याने सांगितले. त्या वर्षी देशात भयंकर दुष्काळ पडला होता. तुमच्या सभेने दुष्काळपीडितांसाठी काय केले, असे स्वामीजींनी विचारले. माणसे आपल्या कर्माने मरतात, आमचे काम केवळ गाईंचे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्यावर स्वामीजी संतापले. कर्माचाच हवाला द्यावयाचा तर खाटकाकडे जाणाऱ्या गाईलाही तोच लागू पडतो, असे त्यांनी त्याला ऐकविले. हा प्रसंग त्यांच्या शिष्याने नोंदवून ठेवला आहे. स्वामीजींचा राग गाईवर नव्हता. जी दया एका कप्प्यात बंद राहते, शेजारच्या उपाशी माणसापर्यंत पोहोचत नाही, तिच्यावर तो होता.

कप्प्यात बंद राहिलेली ही करुणा पुढे द्वेषाच्याही कामी आली. १८९३ मध्ये गोरक्षणाच्या निमित्ताने उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी हिंदू-मुसलमानांचे दंगे झाले. दुधासाठी गाईचा छळ करणारा गवळी आणि ती खाटकाला विकणारा तिचा मालक बहुधा हिंदूच असे. त्याच्याविरुद्ध कोणी काठी उगारली नाही.

या साऱ्याचा परिणाम ज्या एका मनावर खोल झाला, ते मन गांधीजींचे. १९०२ साली ते कलकत्त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे महिनाभर राहिले होते. त्या मुक्कामात कालीघाटच्या देवळात बळी जाणारी मेंढरे पाहून ते अत्यंत व्यथित झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना कलकत्त्याहून प्रसिद्ध झालेले काही वाङ्मय त्यांच्या हाती पडले. गवळी गाई-म्हशींचे कसे हाल करतात, त्याचे वर्णन त्यात होते. त्यांनी हर्मन कॅलेनबाख या मित्राशी विचार केला आणि १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर दोघांनीही दूध सोडले. कलकत्त्याच्या खटालातील गाईचा हंबरडा असा जोहान्सबर्गजवळच्या एका शेतवाडीपर्यंत पोहोचला. मोठ्या आजारानंतर १९१९ च्या आरंभी मुंबईत, कस्तुरबांच्या सूचनेवरून, त्यांनी शेळीचे दूध घेण्यास संमती दिली. आपले व्रत गाई-म्हशींच्या दुधापुरते होते, अशी ती पळवाट होती, आणि ती घेतल्याची खंत त्यांना जन्मभर राहिली. गांधीजींच्या शेळीची आपण थट्टा ऐकतो. तिच्या मागे कलकत्त्याची गाय उभी आहे.

या खंतेतून कार्य निघाले, त्याचा आरंभ मराठी मुलखात झाला. वाईचे चौंडे महाराज गोरक्षणासाठी आयुष्य वेचणारे गृहस्थ होते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा तेथेच गोरक्षण परिषदही भरली आणि तिचेही अध्यक्षपद गांधीजींकडेच आले. पुढील वर्षी, १९२५ च्या एप्रिलात, मुंबईच्या माधवबागेत अखिल भारतीय गोरक्षण मंडळाची स्थापना झाली. या काळात गांधीजींनी जे वारंवार मांडले, ते रूढ गोभक्तांना रुचणारे नव्हते. मुसलमानाशी भांडून गाय वाचणार नाही. ती हिंदूने आपले वर्तन सुधारल्यानेच वाचेल. गोशाळेत पशुवैद्य हवा, दुधाचा आणि वैरणीचा हिशोब हवा, चांगल्या वळूची पैदास हवी. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे, प्रत्येक गोशाळेला जोडून चर्मालय हवे. आपल्या मरणाने मेलेल्या गाईचे कातडे, हाडे, शिंगे यांचा नीट उपयोग केला, तर कत्तल केलेल्या जनावराच्या कातड्याची मागणी कमी होईल आणि भाकड गाईचा पोटापुरता खर्च तिच्या मरणोत्तर निघेल, असा त्यांचा विचार होता. ज्या कामाला अस्पृश्य मानून माणसे वेशीबाहेर ठेवली, तेच काम गोरक्षणाच्या गाभ्याशी आणून ठेवावयाचे, हे धाडस लहान नव्हते.

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. त्याला कूसही बदलता येत नव्हती. गांधीजींनी पुष्कळ विचारान्ती डॉक्टरकडून सुई टोचवून त्याचे जीवन संपविले. देशभरातून निषेधाची पत्रे आली. पिंजरापोळाची सारी परंपराच, प्राण जाईपर्यंत सांभाळ करावयाचा, या निष्ठेवर उभी होती. गांधीजींना ती निष्ठा कळत नव्हती असे नाही. वेदना पाहत राहणे म्हणजे सेवा नव्हे, असे त्यांना वाटले. या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही, आणि तो बहुधा लागणारही नाही.

आता पुन्हा सोदपूरकडे वळू. सतीशचंद्र दासगुप्त हे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे शिष्य, रसायनशास्त्रज्ञ, बेंगॉल केमिकल या कारखान्याचे व्यवस्थापक. चांगल्या पगाराची ती नोकरी सोडून त्यांनी खादी प्रतिष्ठान काढले आणि सोदपूरला आश्रम बांधला. १९२७ च्या जानेवारीत गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सतीशबाबू आणि त्यांच्या पत्नी हेमप्रभादेवी यांनी तेथे सामुदायिक जीवनाचा जो संसार थाटला, त्यात प्रार्थना आणि सूतकताई तर होतीच, शिवाय हातकागद आणि चामडे कमावणे असे उद्योगही होते. रसायनशास्त्रज्ञाने सोवळे बाजूस ठेवून मृत जनावराच्या कातड्याची शास्त्रशुद्ध प्रक्रिया बसविली आणि खेड्यातील चर्मकाराला समजेल अशी पुस्तके त्यावर लिहिली.

१९४२ च्या आंदोलनानंतर सतीशबाबू अलीपूरच्या तुरुंगात गेले. बाहेर १९४३ चा बंगालचा दुष्काळ माणसांचे आणि जनावरांचे बळी घेत होता. आत बसून त्यांनी गाईवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. 'द काउ इन इंडिया' या नावाने तो १९४५ मध्ये दोन खंडांत, गांधीजींच्या प्रस्तावनेसह, खादी प्रतिष्ठानने प्रसिद्ध केला. भारतातील गाईंच्या जाती, त्यांचा चारा, त्यांचे रोग आणि औषधे, शेणाचे खत, हाडांचे खत, दुधाचे पदार्थ, मृत देहाचा उपयोग, असे सारे विषय त्यात आले आहेत. गाईची पूजा करणाऱ्यांच्या देशात गाईचे ज्ञान इतके थोडे का, ही वेदना त्या परिश्रमामागे होती.

याच सुमारास वर्ध्यास दुसरा प्रयोग चालू होता. १९४१ च्या सप्टेंबरात नालवाडी येथे गांधीजींच्या उपस्थितीत गोसेवा संघ सुरू झाला आणि जमनालाल बजाज यांनी व्यापार-राजकारण बाजूस सारून त्यास वाहून घेतले. त्यांनी मुद्दाम 'रक्षण' हा शब्द टाकून 'सेवा' हा शब्द घेतला. गोपुरीत झोपडी बांधून ते गाईंच्या सान्निध्यात राहू लागले. पण अवघ्या काही महिन्यांत, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, त्यांचे देहावसान झाले. जानकीदेवींनी आणि सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले. विदर्भातील गवळाऊ जातीच्या गाईची जोपासना हा त्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग होता. सोदपूरचा ग्रंथ आणि वर्ध्याचा गोठा ही एकाच विचाराची दोन अंगे म्हणावी लागतील.

सोदपुरात मात्र दोन विचार एकाच गावी नांदत होते. एकीकडे पिंजरापोळ, जेथे शेटजींच्या धर्मादायावर भाकड गाय शेवटच्या श्वासापर्यंत पोसली जाई. दुसरीकडे आश्रम, जेथे गाय भाकड होऊन निराधार का होते याचा शोध चाले. एकाजवळ पैसा, जमीन आणि श्रद्धा होती, दुसऱ्याजवळ विद्या आणि श्रम. या दोहोंचा पुरता संगम झाला असता तर कलकत्त्याच्या गाईचे नशीब पालटले असते, असे मला वाटते. परंतु काळ त्यास अनुकूल नव्हता. १९४६ च्या ऑगस्टात कलकत्त्यात भीषण कत्तल झाली. ऑक्टोबरअखेर गांधीजी सोदपूरच्या आश्रमात येऊन राहिले आणि ६ नोव्हेंबरला तेथून नोआखालीस गेले. सतीशबाबूही नोआखालीच्या कार्यात उतरले. ९ ऑगस्ट १९४७ रोजी गांधीजी पुन्हा सोदपुरास आले आणि १३ ऑगस्टला बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये मुसलमान वस्तीत राहावयास गेले. गाईसाठी माणसाचा जीव घेणे हे गोरक्षण नव्हे, असे त्यांनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिताना सांगितले होते. अडतीस वर्षांनंतर सोदपूरहून बेलियाघाटपर्यंतचा तो थोडासा प्रवास म्हणजे त्याच विचाराची कसोटी होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न सरकारच्या हाती आला. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करणे आणि गोवधबंदी करणे, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंफल्या गेल्या. पश्चिम बंगालच्या १९५० च्या कायद्याने मात्र चौदा वर्षांवरील अथवा कायमचे निकामी झालेले जनावर, तसे प्रमाणपत्र मिळाल्यास, कापण्याची मुभा ठेवली. म्हणजे म्हाताऱ्या गाईचा प्रश्न कायद्यानेही मोकळाच सोडला. शहरातील गोठे बाहेर नेण्याचे प्रयत्न त्याच काळी सुरू झाले. मुंबईने आरे येथे दूध वसाहत वसविली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. बंगालने नदिया जिल्ह्यातील हरिणघाटा येथे सरकारी दुग्धालय उभारले आणि १९५९ मध्ये जनावरांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांना खेड्यांतील दूध पोहोचविण्याचे काम हाती घेतले. गाय शहरात आणण्याऐवजी दूध शहरात आणावयाचे, हे तत्त्व सिद्ध झाले आणि खटालाचा पायाच डळमळला. हे यश मोठे आहे. परंतु गाय दृष्टीआड झाली म्हणून तिचे दूध आटणे थांबले नाही. प्रश्न शहरातून खेड्यात गेला, एवढेच.

आणि तो समुद्रापलीकडेही गेला. १८९६ साली कलकत्त्यात जन्मलेले अभयचरण डे, म्हणजेच पुढे विख्यात झालेले भक्तिवेदांत स्वामी, १९६५ च्या ऑगस्टात वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कलकत्त्याच्या बंदरातून 'जलदूत' या मालवाहू जहाजाने अमेरिकेस निघाले. १९६८ मध्ये त्यांच्या शिष्यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात 'न्यू वृंदावन' ही शेतवसाहत वसविली. मंदिर, शेती आणि गाय यांभोवती एकत्र राहणाऱ्या समुदायांची ती सुरुवात होती. बंगालमध्ये त्यांच्या मायापूरच्या मंदिरालाही गोशाळा आहे. या समुदायांचा नियम असा की, गाय दूध देवो वा न देवो, तिला आणि बैलाला आमरण पोसावयाचे. दुभत्या गाईमागे किती भाकड गाई आणि किती बैल उभे राहतात, हा हिशोब त्यांना प्रत्यक्ष मांडावा लागतो आणि दुधाचा खरा खर्च तेव्हाच उघड होतो. २००७ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या भक्तिवेदांत मॅनर या मंदिरात गंगोत्री नावाची जखमी, उठता न येणारी गाय तेथील प्राणिरक्षक अधिकाऱ्यांनी सुई देऊन मारली. भक्तांचा आक्रोश झाला. साबरमतीचे वासरू आणि सोदपूरचा पिंजरापोळ यांचा जुना संवाद परक्या भूमीवर पुन्हा सुरू झाला होता. दोन्ही बाजूंना आपण करुणेनेच वागत आहोत, असे वाटत होते.

सोदपूर आता खेडे राहिलेले नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांनी ते भरून गेले आणि महानगराने त्याला आपल्यात ओढून घेतले. पाणिहाटीचा दही-पोह्यांचा उत्सव मात्र अजून होतो आणि गोपाष्टमीही येते. त्या काल्याचे दही आपण आनंदाने हातावर घ्यावे. मात्र ते घेताना, ज्या गाईचे दूध आता आटले आहे, ती आज कोठे उभी असेल, हा प्रश्न आपण आपल्या मनाला विचारावा. तिच्यासाठी नुसती दया अपुरी पडते, हे पिंजरापोळाच्या इतिहासाने दाखविले. नुसता हिशोब कोठे नेतो, हे खटालाने दाखविले. तुरुंगाच्या कोठडीत बसून चारा, खत आणि कातडे यांवर शेकडो पाने लिहिणाऱ्या त्या रसायनशास्त्रज्ञाने या दोहोंना जोडणारी वाट आखून ठेवली आहे. ती कष्टाची आहे. तीवर शेण उचलावे लागते, मेलेल्या जनावराला हात लावावा लागतो आणि शेजाऱ्याशी वैर सोडावे लागते. गाईला माता म्हणणाऱ्यांनी एवढे करावे, यात अधिक काही मागितले असे मला वाटत नाही.